टेकवलेलं दार

सर,

तुम्हाला जाऊन आता पस्तीसेक वर्षं झाली. तुमच्या दहाव्याला मी नव्हतो. तेव्हा मी आफ्रिकेत, मलावीत होतो, आणि नगरमध्ये असतो तरी आलो असतो की नाही याची शंकाच आहे. मला तुमच्याबद्दल आदर नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको. उद्या सावेडीतल्या एका सभागृहात माझा सत्कार आहे. शाल, नारळ, मानपत्र, सगळं यथासांग. आफ्रिकेतल्या गरीब शेतकरी कुटुंबांना वर काढण्यासाठी मी म्हणे आयुष्य वेचलं. आयुष्य कसलं वेचतोय, अकरा वर्षं पगार घेऊन नोकरी केली. पण तसं कुणी मानपत्रात लिहीत नाही. आयोजकांपैकी एका तरुण मुलीचा परवा फोन आला होता. म्हणाली, "सर, तुमची ती दाराची गोष्ट नक्की सांगा हं." आता मलाही सर म्हणतात. त्या गोष्टीत तुम्ही आहात, आणि त्या गोष्टीत तुम्ही मूर्ख आहात. पन्नास वर्षं मी ती सांगतोय आणि पन्नास वर्षं लोक हसताहेत. उद्या पुन्हा सांगायच्या आधी एकदा तुम्हालाच सांगून बघावी, एवढ्यासाठी कागद पुढे घेतलाय.

कृषी विद्यालयात तुम्ही आम्हाला पशुसंवर्धन शिकवायचात. पुण्याहून आलेले, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. शेळीचं दूध काढताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही, पण फळ्यावर शेळीचं चित्र तुम्ही फार सुंदर काढायचात. आम्ही सगळी राहुरी-नेवाशाकडची, शेळ्यामेंढ्यांत वाढलेली पोरं, आणि तुम्ही आम्हाला शेळीला किती पोटं असतात ते छडीनं दाखवत होतात. मी वर्गात "न्हाई" म्हणालो की तुम्ही थांबायचात, चष्म्यावरून बघायचात आणि मी "नाही" म्हणेपर्यंत पुढे जायचा नाहीत. वर्षभरात मी घरीसुद्धा "नाही" म्हणायला लागलो आणि आई मला चिडवायला लागली की मास्तर आला. तुमचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. "डोळ्यांना दिसतं ते लिहा, मनातलं घालू नका." जनावराला ताप असो की गोठ्यात ओल असो, दिसेल ते लिहायचं. आम्ही मागच्या बाकावर तुमची नक्कल करायचो. ती नक्कल मला इतकी जमायची की पुढे परदेशातही मी ती करून दाखवत असे.

मग दुष्काळ पडला. बहात्तरचा. तुम्ही नोकरी सोडून बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या एका संस्थेचे नगरचे प्रमुख झालात आणि मला हाताखाली घेतलंत. स्टेशन रस्त्याला दोन खोल्यांचं ऑफिस, एक जीप, एक टाइपरायटर. गावोगाव माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, सुकडी खात होती, आणि आपण टेबलावर नकाशा पसरून दारिद्र्य हटवत होतो. योजना अशी की निवडलेल्या प्रत्येक कुटुंबाला दोन दुभत्या शेळ्या द्यायच्या. पहिली पाट, म्हणजे मादी करडू, झाली की ती शेजारच्या घराला द्यायची. मुंबई कार्यालयातले लोक याचं असं कौतुक सांगायचे, जणू आजवर जगात कुणाला हे सुचलंच नव्हतं. आमच्याकडे अर्धलीनं शेळी राखायची रीत माझ्या आजोबांच्या आधीपासून होती. एकाची शेळी, दुसऱ्याची राखण, करडं निम्मी निम्मी. ते त्यांना सांगावं असं मला एकदा वाटलं होतं. तुम्ही टेबलाखालून पाय दाबलात, म्हणून गप्प बसलो. तुम्ही मान डोलवत होतात. वरच्या माणसांपुढे मान डोलवणं तुम्हाला फळ्यावरच्या शेळीइतकंच सुरेख जमायचं.

शेळ्या मिळायच्या तर अटी होत्या. छापील कागद होता, त्यावर चौकोन होते, मी त्यात खुणा करायचो. खोपट कोरडं असावं, जमीन उंच असावी, आणि खोपटाला मिटणारं दार असावं, दाराला कडी असावी. शिवाय फोटो. मिटलेल्या दारापुढे सगळं कुटुंब उभं. तो फोटो समुद्रापलीकडे कुणाच्या तरी दिवाणखान्यात जाणार होता आणि तिथल्या माणसाला आपला पैसा कडीकुलपात सुरक्षित आहे असं वाटणार होतं. हे चौकोन करणाऱ्यांनी गरीब माणूस कधी जवळून पाहिला होता का, असा प्रश्न मला तेव्हा पडायचा. पुढे मलावीत असे चौकोन करणारे मी रोज पाहिले. गार गाडीतून उतरायचे, गावातल्या झाडाखाली मोठा कागद टांगायचे आणि ज्या बायका पहाटे दोन मैलांवरून पाणी आणून, मका खुरपून आलेल्या असायच्या त्यांना वेळेचं नियोजन शिकवायचे. मक्याचं पीक हाती यायच्या आधीचे दोन-तीन महिने तिथे घराघरांत एकवेळच चूल पेटते. त्याच महिन्यांत यांची शिबिरं असायची, कारण तेव्हा यांच्याकडे थंडी असते आणि यांना ऊन हवं असतं. मला त्या लोकांची किळस यायची, आणि जेव्हा जेव्हा यायची तेव्हा तुमचा चेहरा समोर यायचा.

तर दार. शिंगणापूरच्या शिवारातली एक वस्ती होती. तीन एकर कोरडवाहूवर चार माणसांचं घर: नवरा-बायको, चौथीतली मुलगी आणि एक रांगतं पोर. त्या साली त्या तीन एकरांत मुठीएवढं गवतही आलं नव्हतं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघायचं असं त्यांचं ठरत आलं होतं. निघाले की मुलीची शाळा गेली आणि धाकटं पोर फडात पाचटावर झोपणार, हे त्या बाईला लख्ख दिसत होतं. म्हणून ती अर्ज घेऊन चालत स्टेशन रस्त्याला आली होती. "दसऱ्याआधी शेळ्या आल्या तर आमी ऱ्हातो, न्हाई आल्या तर जातो," एवढंच म्हणाली. रडली नाही की पाया पडली नाही. मला ती तेव्हाच आवडली. घोडेगावच्या बाजारात जनावरांचा व्यापार करणारा एक मुसलमान माणूस होता, त्याच्या शेळ्या ती लग्नापासून अर्धलीनं राखत आली होती. दुष्काळात त्यानं शेळ्या विकल्या, पण तिचा वाटा चोख दिला. ती त्याला भाई म्हणायची. शेळीची जात, तिची कास, तिचं पोट फुगणं, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं. माझ्यापेक्षाही.

आपण पाहणीला गेलो त्या दिवशी मुंबई कार्यालयातले एक गृहस्थ आपल्याबरोबर होते. टाय लावून आले होते. भाद्रपदातलं ऊन, जीपमागे धुळीचा लोट, आणि ते रुमालानं मान पुसत मला विचारताहेत की इथल्या लोकांना कष्टाची सवय आहे का. रस्त्याच्या कडेला बायामाणसं खडी फोडत बसलेली त्यांना काचेतून दिसत होती. तुम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलंत. वस्तीवर पोचलो. बाईनं खोपट बांधलं होतं ते मी आजही तोंडपाठ सांगू शकतो. दगड-मातीच्या भिंती, वर पाचट, खाली बाभळीच्या काठ्यांची हातभर उंच बाज, म्हणजे लेंड्या खाली पडाव्यात आणि शेळी कोरडी राहावी. छापील कागदावर इतकं चांगलं खोपट मावलंही नसतं. आणि पुढे मोकळं तोंड. शेजारी बाभळीची भलीमोठी काटेरी फांदी, तिला आमच्याकडे शिरी म्हणतात. संध्याकाळी ती ओढून तोंडाला लावली की झालं.

"दार?" तुम्ही विचारलंत.

"दार न्हाई लावत साहेब आमी," ती म्हणाली. "देव राखतो म्हून गावातच न्हाई लावत. घराला न्हाई, तर शेळीला कसं लावू?"

"देवाचं देवाजवळ. हा संस्थेचा नियम आहे. लांडगा आला तर काय करशील?"

"शिरी हाय की. लांडगा काट्यात तोंड घालीत न्हाई."

"आणि चोर?"

यावर ती हसली. तिचा नवराही हसला. त्या गावात हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून. टायवाल्यांना वाटलं आपल्याला हसताहेत. त्यांचा चेहरा आंबट झाला. मी कागद गुडघ्यावर धरून उभा होतो आणि मला राहवलं नाही. मी म्हणालो, "सर, शिरी म्हणजे दारच झालं की. खूण करतो." तुम्ही माझ्यावर असे उखडलात की धाकटं पोर दचकून रडायला लागलं. "तुला मी हेच शिकवलं का? दार दिसतंय का तुला? दिसत नसेल तर लिहायचं नाही. डोळ्यांना दिसतं ते लिही." त्या बाईपुढे, तिच्या नवऱ्यापुढे, त्या टायपुढे. मी चोवीस वर्षांचा होतो, नवीन टेरिकॉटची पँट घातली होती, आणि त्या वस्तीवर माझ्याच बोलीत बोलणाऱ्या माणसांसमोर तुम्ही माझा विद्यार्थी केलात. मग तुम्ही पिशवीत हात घातलात आणि एक लोखंडी कडी काढलीत, कोयंड्यासकट. "ही घ्या. पंधरा दिवस देतो. फळ्या मिळवा, दार करा, कडी लावा. मग बघू." जिच्या गावात दारच नाही तिला तुम्ही कडी दिलीत. तिनं ती पदरात घेतली. पाहुण्यानं दिलेलं नको म्हणू नये, म्हणून घेतली असणार.

इथपर्यंत गोष्ट आली की लोक हसायला लागतात. मलावीत तर मी कडी काढण्याचा अभिनयसुद्धा करायचो. चष्मा नाकावर, हात पिशवीत, चेहऱ्यावर मोठ्या दानशूर माणसाचा आव. दुभाष्या हसत हसत सांगायचा आणि मग झाडाखालचं सगळं गाव हसायचं.

पंधरा दिवसांनी तुम्ही आला नाहीत. "मी येत नाही, तूच जा. मला बघायचं नाही," म्हणालात. "कडी दिली आहे, तिथे दार दिसलं की पुरे. फार खोलात जाऊ नकोस आणि फोटो समोरून काढ." मला वाटलं, कंबर दुखते, जीपचे हादरे नकोत, ऊन नको. म्हातारा आळशी झाला. एसटीनं घोडेगावला उतरलो, तिथून चालत गेलो. खोपटाला दार होतं. चांगलं सागवानी, निळ्या रंगाचं, थोडं उडालेलं. बाई, नवरा, मुलगी डोक्याला तेल लावून दारापुढे उभी. धाकट्याला टोपडं घातलेलं. मी जवळ जाऊन हात लावला तर दार हललं. ते भिंतीला नुसतं टेकवलं होतं. बिजागरी नाही, चौकट नाही, खाली दोन दगडांची अडण.

"भाईच्या दुकानाचं हाय," बाई म्हणाली. "घोडेगावातनं डोक्यावं आनलं आमी दोघांनी. त्याचं दुकान आज उघडंच हाय. फोटू काढा भाऊ, मंग दिवस मावळायच्या आत परत द्याया जायाचंय." मग म्हणाली, "बसवायचं न्हाई, टेकवलं तर चालतंय, असं आमच्यात जानत्या मानसानं सांगितलंय. इच्यारून घेतलं."

दार न लावण्याची त्यांची रीत तिनं मोडली नव्हती आणि आपली अटही तिनं पुरी केली होती. दोन कोस दार डोक्यावर घेऊन. मी फोटो काढला. समोरून. फोटोत ते दार अगदी दारासारखं दिसत होतं. मुलगी हसत होती, आता शाळा सुटणार नाही असं तिला वाटत होतं.

आता माझी गोष्ट जिथे संपते तो भाग. गोष्टीत मी असं सांगतो की, मी सगळं बरोबर भरून दिलं, पण माझ्या साहेबांना दार नुसतं टेकवलेलं आहे हे कळलं आणि त्या पुस्तकी माणसानं त्या बाईचं नाव खोडलं. दोन शेळ्या गेल्या दुसऱ्या गावातल्या एका बागाईतदाराच्या चुलतभावाकडे, ज्याच्या घराला तीन दारं होती. इथे लोक आधी हसतात, मग चुकचुकतात. मग मी म्हणतो की, म्हणून मी ठरवलं, आपण असं कधी करायचं नाही. टाळ्या होतात. शेळ्या बागाईतदाराच्या चुलतभावाकडे गेल्या एवढं त्यातलं खरं आहे.

मलावीत एकदा एक वयस्कर शेतकरी बाई हसली नाही. तिच्या कुटुंबाला आमच्या योजनेत मका-बियाणं आणि शेळ्या मिळाल्या होत्या. तिथे मी अटींचे चौकोन निम्म्यानं कमी केले होते. खोपट त्यांच्या रीतीप्रमाणे खांबांवर बांधा, आमच्या चित्राप्रमाणे नको, हे मी भांडून मिळवलं होतं. त्याबद्दल उद्या टाळ्या मिळतील आणि त्या मी खुशाल घेईन. ती बाई उठून उभी राहिली आणि दुभाष्यामार्फत तिनं विचारलं, "मग त्या बाईचं काय झालं? ती गेली का?" इतक्या वर्षांत, इतक्या साहेबांपुढे, इतक्या भाषांत गोष्ट सांगितली, पण हे कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "नंतर मिळाल्या तिला शेळ्या." दुभाष्यानं ते सांगितलं. ती बाई खाली बसली, पण समाधान झाल्यासारखी दिसली नाही. शेळ्या पाळणाऱ्या माणसाला थाप कळते.

त्या संध्याकाळी घोडेगावच्या स्टँडवर बसून मी अहवाल लिहिला, सर. 'मिटणारे दार आहे का' या चौकोनात खूण केली नाही. शेजारी लिहिलं: 'दार बसवलेले नाही. भिंतीस टेकवलेले आहे. दार उसने आणलेले आहे.' डोळ्यांना दिसलं ते. मनातलं काही घातलं नाही. तीन प्रती कार्बन घालून. पाहणी करणाऱ्यानं एक प्रत परस्पर मुंबईला टाकायची असा नियम होता, म्हणजे इथल्या प्रमुखानं खाडाखोड करू नये. ती मी स्टँडसमोरच्या पेटीत टाकली. टाकताना मला बरं वाटलं, हे मला चांगलं आठवतं. तुम्ही मला त्या सगळ्यांपुढे झापलं होतंत ना, घ्या आता. तुमच्याहून काटेकोर निघालो. त्या बाईचा विचार मी तेव्हा केलाच नाही. तुमचा केला. तुमचा चेहरा कसा होईल, शाबास म्हणाल का, याचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुमच्या घरी कागद घेऊन आलो. तुम्ही वाचलात. चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा वाचलात.

"मुंबईची प्रत गेली?"

"गेली सर. कालच टाकली."

तुम्ही कागदाची घडी घातलीत. मी शाबासकीची वाट बघत उभा. मग म्हणालात, "जेवून जा." स्वयंपाकघरात पाट मांडले होते. काकूंनी ज्वारीची भाकरी आणि पिठलं वाढलं, दुष्काळात सगळ्यांकडे तेच होतं. तुम्ही खाली मान घालून जेवत होतात. स्वयंपाकघराचं मागचं दार सुतळीनं बांधलेलं होतं, वाऱ्यानं ते फटफट वाजत होतं आणि काकू करवादत होत्या, "यांना सांगून थकले. दाराची कडी काढून नेली ती नेलीच, रोज मांजर आत येतं." तुम्ही म्हणालात, "आणतो, आणतो." मला दुसरी भाकरी वाढायला सांगितलीत. मी भुकेला होतो, चांगला जेवलो. त्या सुतळीकडे माझं काही लक्ष गेलं नाही.

तुम्ही मुंबईला भांडलात की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पुढे काही दिवस तुम्ही ट्रंककॉल लावून बसायचात आणि मी आलो की दार लोटून घ्यायचात. मला वाटायचं, माझ्याबद्दल काही चाललंय. दसरा गेला. दिवाळीच्या आत मी एकदा त्या वस्तीवर गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. घर मोकळं होतं. दार नसलेल्या घरात कुणी नसलं की माणूस आपोआप आत जातो, थांबायला काही नसतंच. चूल सारवून ठेवलेली, भांडी नाहीत, मुलीची पाटी मात्र भिंतीला टेकवून ठेवलेली. शेजारच्या वस्तीवरची म्हातारी आली. म्हणाली, "टोळीसंगं गेली समदी. पोरगी लई रडली. ही कडी ठिवून गेलीय, साहेबाची हाय, साहेबाला दिऊन टाका म्हनली." फडक्यात गुंडाळलेली होती. गंज लागू नये म्हणून वर तेलाचं बोट फिरवलं होतं. ती बाई पुन्हा मला दिसली नाही. घोडेगावच्या बाजारात त्या भाईला विचारायला हवं होतं. पंधरा वर्षं मी त्या बाजाराच्या कडेनं एसटीतून गेलो, एकदाही उतरलो नाही.

परदेशातल्या नोकरीसाठी तुम्ही मला शिफारसपत्र दिलंत. त्यात एक वाक्य होतं: 'हा माणूस डोळ्यांना दिसते तेच लिहितो.' मुलाखतीत त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मला घेतलं. तुम्ही ते कौतुकानं लिहिलंत की आणखी कशानं, हे ठरवायला मला पस्तीस वर्षं मिळाली, आणि मी ती तुमची नक्कल करण्यात घालवली. तुम्ही मान डोलवणारे होतात, भित्रे होतात, टायपुढे शेपूट घालणारे होतात. यातलं काही मी मागे घेत नाही. घरातून निघतानाच त्या गावात दार नाही हे तुम्हाला माहीत होतं, पण जीपमध्येच त्या माणसाला ठणकावून सांगायची हिंमत तुमच्यात नव्हती. घरच्या दाराची कडी पिशवीत घालून तुम्ही आपली चोरवाट काढलीत आणि त्या वाटेवर विश्वासाचा म्हणून मला उभं केलंत. माणसाची पारख तुम्हाला शेळीइतकीही नव्हती.

ते तुमचं घर पाडून तिथे आता चार मजली इमारत झाली आहे. त्यामुळे हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. उद्या त्या मुलीला मी दाराची गोष्ट सांगणार आहे, ती नेहमी सांगतो तशीच. या वयात नवी पाठ होत नाही, असं मी स्वतःला सांगून ठेवलंय. कडी माझ्या कपाटात आहे. वर्षातून एकदा तेल लावतो. आणि मघाशी लिहिलं ना, की सुतळीकडे माझं लक्ष गेलं नाही, ते खोटं आहे. काकू बोलल्या तेव्हाच मला कळलं होतं. मी दुसरी भाकरी घेतली आणि जेवत राहिलो.